एक बिनतारी यंत्र आणि दोन कारभारी

आमच्या शहरांतील पुष्कळ घरांत सांप्रत एखादा जुना संगणक कपाटावर किंवा पलंगाखालीं पडलेला आढळतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या ‘विंडोज दहा’ या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविल्यापासून अशा यंत्रांची भर पडतच आहे. यंत्र धडधाकट असतें. परंतु नव्या प्रणालीच्या अटी त्यास पुऱ्या करतां येत नाहींत, आणि नवें यंत्र घेण्याइतका पैसा प्रत्येक घरीं असतोच असें नाहीं. अशा वेळीं घरांतील एखादी हौशी विद्यार्थिनी त्यावर ‘लिनक्स’ नांवाची विनामूल्य प्रणाली घालते, संगणक पुन्हा चालूं लागतो, आणि आईबापांस मोठा संतोष वाटतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं एक विचित्र दुखणें सुरू होतें. बिनतारी जाळें, ज्यास आपण सर्वजण वाय-फाय म्हणतों, तें जोडलें जातें, थोडा वेळ टिकतें आणि तुटतें. पुन्हा जोडलें जातें, पुन्हा तुटतें. बरोबर असलेला पासवर्ड संगणक पुनः पुनः विचारूं लागतो. शेजारीं ठेवलेला वडिलांचा मोबाइल मात्र त्याच वाय-फायवर सुरळीत चालत असतो.

इयत्ता अकरावीचे प्रवेश सन २०२५ पासून सबंध महाराष्ट्रांत संगणकद्वारां होऊं लागले आहेत. महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरण्याची मुदत संपावयास दोन तास उरले असतां जाळें असा लपंडाव खेळूं लागलें, म्हणजे त्या घराची काय अवस्था होते हें आम्हीं वर्णन करावयास नको. यंत्र दुरुस्तीस नेलें तर कित्येकदां ‘वाय-फायचें कार्ड गेलें’ असा निकाल मिळतो व नव्या कार्डाचे पैसे पडतात. त्यानेंहि दुखणें हटलें नाहीं, तर ‘लिनक्सच वाईट’ असा दुसरा निकाल लागून यंत्र पुन्हा पलंगाखालीं जातें. आमचें म्हणणें असें कीं, वर सांगितलेलीं लक्षणें दिसतील तेव्हां पैसे खर्च करण्यापूर्वीं एक गोष्ट पाहावी. पुष्कळदां यंत्र अगदीं निर्दोष असतें. त्याच्यावर एकाच वेळीं दोन कारभारी हुकूम चालवीत असतात, एवढेंच. हें ओळखावें कसें, आणि त्यांपैकीं एकास निरोप द्यावा कसा, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम हे दोन कारभारी येतात कोठून, तें पाहूं. लिनक्सचा गाभा हेल्सिंकी विश्वविद्यालयांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें सन १९९१ मध्यें लिहावयास घेतला, आणि तो कोणीहि वापरावा, बदलावा व वांटावा अशा अटीवर जगास दिला. गाभा एक असला तरी त्याच्याभोंवतींची कामगिरी निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळ्या काळीं केली. त्यामुळें एकाच कामास तीन-चार हत्यारें तयार झालीं. जाळें जोडण्याचें काम घ्या. रेड हॅट कंपनीनें सन २००४ मध्यें ‘नेटवर्कमॅनेजर’ काढला. (याच कंपनीनें पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे ‘लोहित’ टंक सर्वांस मोकळे करून दिले, व लिनक्सच्या पडद्यावर मराठी वाचतां येऊं लागली, हें आमच्या वाचकांनीं जातां जातां लक्षांत ठेवावें.) नेटवर्कमॅनेजर आरंभीं फार त्रास देई, म्हणून कांहीं मंडळींनीं ‘विकड’ नांवाचा हलका कारभारी रचला; तो पुष्कळ वर्षें लोकप्रिय होता. इंटेल कंपनीनें लहान उपकरणांकरितां ‘कॉनमॅन’ केला. पुढें ‘सिस्टमडी-नेटवर्कडी’ आला. ‘डीएचसीपीसीडी’ हा तर त्याहून जुना. हे सर्वच आपापल्या जागीं चांगले आहेत. अडचण इतकीच, कीं यांपैकीं प्रत्येकास वाटतें कीं संगणकाचें बिनतारी यंत्र आपल्या एकट्याच्या ताब्यांत आहे.

आतां जाळें जोडलें जातांना काय काय घडतें, तें नीट ध्यानांत आल्यावांचून भांडणाचें स्वरूप कळणार नाहीं. घरांतील राउटर आपलें नांव दर सेकंदास सुमारें दहा वेळां पुकारीत असतो. संगणकाचें बिनतारी यंत्र तें ऐकतें व ‘मी येऊं काय?’ म्हणून विचारतें. परवानगी मिळाल्यावर पासवर्डाची परीक्षा होते. येथें गंमत अशी, कीं पासवर्ड स्वतः हवेंतून कधींच पाठविला जात नाहीं. दोन्ही बाजूंकडून मिळून चार निरोप जातात-येतात आणि त्यांवरून दोघांपाशीं एकच पासवर्ड आहे, अशी परस्परांची खात्री पटते. त्यानंतर संगणक घराचा क्रमांक मागतो, म्हणजे या जाळ्यांत मला कोणत्या पत्त्यानें ओळखावें असें विचारतो. यासहि चार निरोप लागतात: कोणी आहे काय, हा क्रमांक घे, मग तोच मला द्यावा, दिला. शेवटीं बाहेर जाण्याचा रस्ता कोणता, आणि नांवांवरून पत्ते सांगणारा कोण, या दोन गोष्टी टिपून घेतल्या म्हणजे काम पुरें होतें. हा सगळा खटाटोप दोन-चार सेकंदांत उरकतो व आपणांस फक्त पडद्याच्या कोपऱ्यांतील पंखा उमललेला दिसतो.

या कामावर दोन कारभारी असले म्हणजे काय होतें, पाहा. पहिल्यानें राउटराशीं बोलणें सुरू केलें, चारांपैकीं दोन निरोप झाले. तोंच दुसरा जागा होतो. त्याच्या दप्तरीं हें यंत्र रिकामें आहे अशी नोंद असते. तो आपल्या शिस्तीप्रमाणें यंत्र एकवार बंद करून पुन्हा चालू करतो व स्वतःचें बोलणें आरंभितो. पहिल्यास वाटतें, परीक्षा मध्येंच फसली, तेव्हां पासवर्डच चुकीचा असला पाहिजे. म्हणून तो आपणांस पुन्हा पासवर्ड विचारतो. आपण तोच पासवर्ड दहादां अचूक लिहितों आणि दहादां तीच विचारणा होते, तिचें कारण बहुधा हें. मग पहिला पुन्हा यंत्र हातीं घेतो व दुसऱ्याचें काम मोडतो. कधीं कधीं दोघेहि निरनिराळ्या क्रमांकाची मागणी करतात आणि एकाच यंत्रास दोन क्रमांक मिळतात. तेव्हां जाळें जोडलेलें दिसतें, पण पान कांहीं उघडत नाहीं, किंवा एक उघडतें व दुसरें अडतें. नांवांचे पत्ते सांगणाऱ्याची नोंद ज्या फाइलींत असते, ती एकानें लिहावी व दुसऱ्यानें पुसावी, असाहि प्रकार होतो.

एकाच बिनतारी यंत्रावर दोन हक्क असण्याचा प्रसंग महाराष्ट्रांतील शाळेस अगदींच नवा नाहीं. रायगड जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यांत खैराट-धनगरवाडा या लहानशा वस्तीच्या शाळेंत सन २००७ मध्यें ‘प्रत्येक मुलास एक संगणक’ या आंतरराष्ट्रीय योजनेचीं हिरवीं-पांढरीं यंत्रें मुलांच्या हातीं देण्यांत आलीं. त्यांवर लिनक्सच होतें. त्या यंत्रास सशाच्या कानांसारखे दोन आकाशतंतु असत आणि त्याचें बिनतारी अंग दोन कामें करी. एक, नेहमींप्रमाणें राउटराशीं जोडून घेणें. दुसरें, राउटर नसतां मुलांच्या यंत्रांनींच एकमेकांशीं हात गुंफून जाळें विणणें. लिनक्सला हीं दोन निराळीं दारें दिसत. परंतु आंतील यंत्र एकच, व तें एका वेळीं एकाच लहरीवर राहूं शके. राउटर अकराव्या लहरीवर बोलत असला तर मुलांच्या जाळ्यासहि त्याच लहरीवर जाणें भाग. हीं दोन कामें दोन कारभाऱ्यांकडे सोंपविलीं असतीं तर ओढाताणीस पारावार राहिला नसता. रचनाकारांनीं नेटवर्कमॅनेजरमध्येंच फेरफार करून दोन्ही दारें त्याच्या एकट्याच्या ताब्यांत दिलीं, आणि प्रथम कोठें जावयाचें, तें न साधल्यास मग कोठें, याचा क्रम ठरवून दिला. कामें दोन असून भागलें. निवाडा करणारा मात्र एकच होता.

कोणी म्हणेल, ही हवेंतील लहरींचीच गडबड कशावरून नसेल? शंका रास्त आहे. आमच्या शहरास बिनतारीची ओळख जुनी. सन १९४७ मध्यें देश स्वतंत्र झाला तेव्हां संस्थानी मुलखांत जीं पांच ध्वनिक्षेपण केंद्रें होतीं, त्यांत म्हैसूर, बडोदें, त्रिवेंद्रम व हैदराबाद यांच्या जोडीला औरंगाबादचें नांव होतें. एका लहरीवर दोन केंद्रें बोलूं लागलीं तर श्रोत्यास एकहि धड ऐकूं येत नाहीं, हें रेडिओ ऐकणाऱ्या आजोबांस पक्कें ठाऊक असे. वाय-फायच्या जुन्या पट्ट्यांत एकमेकांवर न चढणाऱ्या लहरी तीनच धरतात: पहिली, सहावी आणि अकरावी. सिडको-हडकोच्या दाट वस्तींत एका भिंतीआड पांच राउटर असतील तर त्यांचा गलबला होणारच. परंतु त्या गलबल्यांत घरांतील मोबाइलहि रखडतो. मोबाइल ठीक चालतो आणि संगणक तेवढा अडखळतो, तर भांडण हवेंत नसून संगणकाच्या घरांत आहे, असें प्रथमदर्शनीं समजण्यास हरकत नाहीं.

घरांतील भांडणाचा पुरावा संगणक स्वतःच लिहून ठेवतो, आणि या सगळ्या प्रकरणांत आम्हांस ही गोष्ट सर्वांत मौजेची वाटते. टर्मिनल उघडून ‘सुडो’ हा शब्द, एक जागा, व पुढें डी, एम, ई, एस, जी हीं पांच इंग्रजी लहान अक्षरें टंकावीं (येथील सर्व आज्ञा लहान अक्षरांतच लिहावयाच्या). गाभ्याची रोजनिशी पडद्यावर येते. तींत राउटरापासून फारकत झाल्याची प्रत्येक वेळ नोंदलेली असते. फारकत राउटरानें केली असेल तर तसें लिहिलेलें असतें. पण जेथें ‘बाय लोकल चॉइस’ असे शब्द व पुढें कारण म्हणून ३ हा आंकडा दिसेल, तेथें अर्थ असा, कीं आमच्याच संगणकानें आपण होऊन हात सोडला. संगणक निजवितांना किंवा वाय-फाय बंद करतांनाहि अशी नोंद होते, म्हणून एका ओळीवरून निवाडा करूं नये. परंतु आपण कांहीं केलेलें नसतां दर मिनिटास हे शब्द येत असतील, तर राउटरास दोष देणें सोडावें आणि कारभारी मोजावयास लागावें.

मोजणी सोपी आहे. ‘सिस्टमसीटीएल’ एवढाच शब्द टंकून एंटर दाबलें असतां चालू असलेल्या सेवांची लांबलचक यादी येते. बाणाच्या कळांनीं खालीं जावें व ‘क्यू’ दाबून बाहेर पडावें. त्या यादींत वर सांगितलेल्या नांवांपैकीं दोन दिसलीं, कीं चोर सांपडल्यासारखेंच आहे. खात्रीकरितां ‘आयपी’ व जागा सोडून ‘अ‍ॅड्रेस’ असें टंकावें, आणि ‘डब्ल्यूएल’ या अक्षरांनीं आरंभ होणाऱ्या नांवाखालीं पाहावें. बिनतारी यंत्राचें नांव तसेंच असतें. तेथें ‘आयनेट’ या शब्दानें सुरू होणाऱ्या ओळी दोन असतील तर त्या दोन कारभाऱ्यांनीं मागितलेले दोन क्रमांक असण्याचा फार संभव आहे. (‘आयनेट’ ला लागून सहाचा आंकडा असलेल्या ओळी धरूं नयेत, त्या एकाहून अधिक असणें स्वाभाविक आहे.)

याच्या उलट असाहि एक विकार आहे, आणि त्यास ‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ ही आपली म्हण तंतोतंत लागू पडते. डेबियन व तिच्या घराण्यांतील प्रणालींत ‘इंटरफेसेस’ नांवाची एक जुनी फाइल असते. तींत बिनतारी यंत्राचें नांव कोणीं पूर्वीं लिहून ठेवलें असेल, तर नेटवर्कमॅनेजर मोठ्या सभ्यपणें म्हणतो, हें दुसऱ्याचें आहे, मी हात लावणार नाहीं. आणि तो दुसरा, त्या फाइलींतील पासवर्ड जुना झाल्यामुळें, कांहींच करूं शकत नाहीं. मग वाय-फायची यादीच दिसत नाहीं. ‘एनएमसीएलआय’ व जागा सोडून ‘डिव्हाइस’ असें टंकलें असतां यंत्रापुढें ‘अनमॅनेज्ड’ म्हणजे बेवारस असा शेरा दिसला, तर हा विकार ओळखावा. त्या फाइलींतील बिनतारी यंत्राच्या ओळींच्या आरंभीं ‘हॅश’ चें चिन्ह घालावें, ‘एलओ’ या अक्षरांच्या ओळी तशाच राहूं द्याव्या, व संगणक पुन्हा सुरू करावा. बहुधा तेवढ्यानें भागतें.

आतां दोघांपैकीं ठेवावा कोण? मेजावरच्या किंवा मांडीवरच्या नेहमींच्या संगणकास आमचें मत नेटवर्कमॅनेजरच्या बाजूचें आहे. पडद्याच्या कोपऱ्यांतील पंखा, जाळ्यांची यादी, पासवर्डाची चौकट, हीं सर्व बहुतेक लिनक्सांत त्याच्याशींच बोलतात. त्यास काढलें तर तो पंखा निव्वळ शोभेचा उरतो. विकड आवडणारे लोक अजून भेटतात. परंतु तो ज्या जुन्या भाषेंत लिहिला होता ती मागें पडल्यामुळें डेबियनच्या सन २०२१ च्या आवृत्तींतून त्यास वगळण्यांत आलें. त्याच्यावर आतां भिस्त ठेवण्यांत शहाणपण नाहीं. सिस्टमडी-नेटवर्कडी हा रात्रंदिवस एकाच जागीं राहणाऱ्या सर्व्हराला उत्तम. उबुंटूची सर्व्हर आवृत्ति घालून मागाहून तिच्यावर चित्रमय पडदा चढविला, म्हणजे हे दोघे एका घरांत येतात. तेथें ‘नेटप्लॅन’ च्या फाइलींत ‘रेंडरर’ या शब्दापुढें कोणाचें नांव आहे तें पाहून तें नेटवर्कमॅनेजर असें करावें.

निरोप देण्याच्या तीन पायऱ्या आहेत व त्यांतला भेद विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावा. ‘सिस्टमसीटीएल’ पुढें ‘स्टॉप’ व सेवेचें नांव लिहिलें तर ती सेवा आजपुरती थांबते, ही रजा. ‘डिसेबल’ लिहिलें तर संगणक सुरू होतांना ती आपण होऊन येत नाहीं. हें हजेरीपटांतून नांव काढणें. तरीहि दुसरी एखादी सेवा तिला हांक मारून आणूं शकते. ‘मास्क’ लिहिलें म्हणजे दारास कुलूप लागतें आणि कोणाच्याहि हांकेनें ती आंत येत नाहीं. प्रत्येक आज्ञेपूर्वीं ‘सुडो’ हवेंच. प्रथम रजा देऊन अर्धा तास जाळें टिकतें काय तें पाहावें, मग नांव काढावें, व ती सेवा परत येतांना दिसली तरच कुलूप लावावें. एकदम काढून टाकण्याची घाई करूं नये. नको तो कारभारी राहून हवा तो निघून गेला, तर दुसरा उतरवून घेण्यास जाळेंच शिल्लक राहत नाहीं. तशी वेळ आलीच तर मोबाइल यूएसबी तारेनें संगणकास जोडून त्यांतील ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावें. संगणकास तें तारेचें जाळें वाटतें व वाय-फायशिवाय काम निभावतें.

एक इशारा मात्र ठळकपणें देणें भाग आहे. सेवांच्या यादींत ‘डब्ल्यूपीए-सप्लिकंट’ असें नांव दिसेल. हा कारभारी नव्हे. पासवर्डाची ती चार निरोपांची परीक्षा देणारा कारभाऱ्याचा कारकून होय. नेटवर्कमॅनेजर त्याच्याकडूनच काम करून घेतो, म्हणून त्यास बंद करूं नये. परंतु त्याच नांवापुढें ‘अ‍ॅट’ चें चिन्ह व यंत्राचें नांव जोडलेली दुसरी नोंद असेल, तर तो स्वतंत्रपणें नेमलेला दुसरा कारकून आहे व भांडणाचें मूळ तोच असूं शकतो. ‘आयडब्ल्यूडी’ हा इंटेलचा नवा कारकून. नेटवर्कमॅनेजर दोहोंपैकीं कोणाहि एकाकडून काम घेऊं शकतो, पण दोघे एकाच यंत्रापाशीं एकदम बसविले तर पुन्हा तेंच.

ज्यांच्या घरीं रास्पबेरी पाय नांवाचा पत्त्याच्या कॅटाएवढा संगणक आहे, त्यांच्यासाठीं एक शब्द. त्याच्या प्रणालींत ऑक्टोबर २०२३ पर्यंत जाळ्याचा कारभार डीएचसीपीसीडीकडे असे; त्यानंतरच्या आवृत्तींत तो नेटवर्कमॅनेजरकडे आला. परंतु जुन्या काळचे सल्ले अजून सर्वत्र फिरत आहेत. ते वाचून एखादा मुलगा जुन्या कारभाऱ्यास मुद्दाम आणून बसवितो आणि आपल्याच हातानें भांडण लावतो. सल्ला कितीहि विद्वानाचा असो, तो कोणत्या सालचा आहे हें आधीं पाहावें.

सर्वच दुखणीं या एका औषधानें बरीं होत नाहींत, हेंहि सांगितलें पाहिजे. बिनतारी यंत्राचें नांवच यादींत नसेल तर त्याचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, बसलेला नाहीं. कांहीं ब्रॉडकॉम बनावटीच्या यंत्रांत तो निराळा मिळवावा लागतो. मांडीवरच्या संगणकाच्या कडेला वाय-फाय बंद करण्याची कळ असते, ती धक्क्यानें सरकलेली असूं शकते. ‘आरएफकिल’ ही आज्ञा दिली असतां तें कळतें. संगणकानें वीज वांचविण्यासाठीं बिनतारी यंत्रास डुलकी घेऊं दिल्यामुळेंहि जाळें मंदावतें. या तिन्ही प्रसंगीं कारभारी एकच असतो व बिचारा निरपराध असतो.

काम झाल्यावर कोणत्या तारखेस कोणती सेवा बंद केली व कोणती फाइल बदलली, तें वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावें. फाइल बदलण्यापूर्वीं तिची एक नक्कलहि करून ठेवावी. वर्ष-दोन वर्षांनीं प्रणालीची नवी आवृत्ति घालतांना, किंवा धाकटा भाऊ एखादें नवें साधन हौसेनें बसवितांना, काढलेला कारभारी त्याच्या सामानाबरोबर पुन्हा घरांत शिरण्याचा संभव असतो, आणि त्या दिवशीं तें पान पांच मिनिटांत सांपडलें पाहिजे.